मृत्युपत्रातून समाजाला देणगी : भारतातील ज्यू वारसा आणि त्याचे भवितव्य

कोलकात्यातील ज्यू समाजाने आपल्या मुलींच्या शिक्षणासाठी १८८१ मध्ये शाळा सुरू केली. शाळेच्या नावात आजही ‘ज्यू’ हा शब्द आहे, मात्र तेथे शिकणाऱ्या मुलींत मुस्लिम कुटुंबांतील मुली बहुसंख्य आहेत. मुंबईत भायखळ्याच्या सर जेकब सॅसून शाळेचे चित्र वेगळे नाही. कोलकात्याच्या सिनेगॉगांची, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरांची, देखभाल पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम सेवकांनी केली आहे. ज्यांच्यासाठी या वास्तू उभ्या राहिल्या, ते बहुतेक लोक इस्रायल, ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. देणाऱ्यांनी दिलेले मात्र येथेच राहिले.

आपल्या पश्चात समाजासाठी काही ठेवून जावे, ही इच्छा सर्वच धर्मांत आढळते. भारतातील ज्यू समाजाच्या बाबतीत या इच्छेपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. देणगी टिकली आणि समाज घटला, तर त्या देणगीचे काय व्हावे? मृत्युपत्र लिहिताना या प्रश्नाचा विचार झाला असेल, तर देणगी पुढेही उपयोगी पडते. तो झाला नसेल, तर ती न्यायालयात अडकते किंवा कुलुपामागे पडून राहते. ज्यू दानपरंपरा, देशोदेशीचे अनुभव आणि भारतीय कायद्यातील तरतुदी यांच्या आधारे या विषयाचा हा आढावा.

दानाची धार्मिक बैठक

हिब्रू भाषेत दानाला ‘त्सेदाका’ म्हणतात. हा शब्द न्याय या अर्थाच्या धातूपासून आला आहे. त्यामुळे ज्यू परंपरेत दान हे केवळ दयेपोटी केलेले कृत्य मानले जात नाही, ते कर्तव्य मानले जाते. समाजाच्या किंवा प्रार्थनामंदिराच्या कामासाठी कायमची बाजूला काढलेली मालमत्ता ‘हेकदेश’ म्हणून ओळखली जाते. मध्ययुगापासून अनेक ज्यू वस्त्यांत आजाऱ्यांची शुश्रूषा, वाटसरूंचा निवारा, गरीब मुलींचे विवाह आणि अंत्यविधी यांचा खर्च अशा निधीतून होत असे.

या परंपरेने दानाला मर्यादाही घातल्या. तालमूद या धर्मग्रंथातील एका संकेतानुसार कोणीही आपल्या संपत्तीच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक दान करू नये. दाता स्वतःच समाजावर भार होऊ नये, हा त्यामागील विचार होता. याच ग्रंथात मार उक्वा या दानशूर पुरुषाने मृत्यूसमयी अर्धी संपत्ती दान केल्याची कथा आहे. हयातीतील मर्यादा अखेरच्या दानाला लागू होत नाही, असा अर्थ भाष्यकारांनी त्यावरून काढला. त्याचबरोबर मुलांना डावलून सारी संपत्ती इतरांना देणाऱ्याचे कृत्य वैध असले तरी ज्ञानी जनांना ते रुचत नाही, असेही तालमूद सांगतो. कुटुंबाला पुरेसे ठेवून उरलेल्यातून समाजाचा वाटा काढावा, असा या साऱ्या चर्चेचा मध्यममार्ग आहे.

मृत्युशय्येवरील व्यक्तीने तोंडी केलेली वाटणीही प्राचीन ज्यू धर्मशास्त्राने बंधनकारक मानली होती. भारतीय कायदा मात्र ते मान्य करीत नाही. मोहिमेवरील सैनिक, हवाई सैनिक आणि सागरी सफरीवरील खलाशी यांच्याखेरीज कोणाही ज्यू व्यक्तीचे तोंडी मृत्युपत्र येथे ग्राह्य नाही. अखेरच्या क्षणी नातलगांच्या किंवा सिनेगॉगच्या पदाधिकाऱ्यांच्या कानी घातलेली इच्छा कितीही प्रामाणिक असली, तरी ती कागदावर उतरल्याखेरीज तिला अर्थ नसतो.

भारतातील तीन समूह, तीन वारसे

भारतातील ज्यूंचे प्रामुख्याने तीन समूह मानले जातात. कोकण किनाऱ्यावर स्थिरावलेला बेने इस्रायल समाज संख्येने सर्वांत मोठा आहे. मराठी ही त्याची मातृभाषा. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी पाळली जाणारी विश्रांती यांमुळे कोकणात हे लोक ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. दुसरा समूह केरळमधील कोचीन ज्यूंचा. मट्टनचेरीचे परदेशी सिनेगॉग १५६८ मधील आहे. तिसरा समूह अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सुरत, मुंबई, पुणे आणि कोलकाता येथे आलेल्या बगदादी ज्यूंचा.

मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युअल इझेकिएल दिवेकर यांनी बांधले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील हे अधिकारी टिपू सुलतानाच्या कैदेतून सुखरूप सुटले आणि त्याबद्दलच्या कृतज्ञतेतून त्यांनी हे मंदिर उभारले, असे परंपरा सांगते. ‘शाआर हाराहामीम’ म्हणजे दयेचे द्वार, हे त्याचे नाव. लोकांच्या तोंडी मात्र ते ‘जुनी मशीद’ असेच राहिले. बेने इस्रायल मुलांसाठी हाईम सॅम्युअल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये शाळा सुरू झाली. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे तिला त्यांचे नाव मिळाले. माझगावची कदूरी शाळा ती हीच.

बगदादी व्यापाऱ्यांचे दान अधिक मोठ्या प्रमाणावरचे होते. १८३२ च्या सुमारास मुंबईत आलेल्या डेव्हिड सॅसून यांनी भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग उभारले. पुण्यातील ओहेल डेव्हिड सिनेगॉगचे काम त्यांच्या हयातीत सुरू झाले, पण ते पूर्ण होण्यापूर्वीच, १८६४ मध्ये, पुण्यात त्यांचे निधन झाले. पुणेकर ज्याला ‘लाल देऊळ’ म्हणतात, त्याच्या आवारातच त्यांची समाधी आहे. पुण्याचे ससून रुग्णालय याच घराण्याच्या देणगीची आठवण देते. आरंभापासून ते सर्व धर्मांच्या रुग्णांसाठी आहे. त्यांचे नातू जेकब सॅसून यांनी वडिलांच्या स्मरणार्थ १८८४ मध्ये मुंबईच्या फोर्ट भागात केनेसेथ एलियाहू सिनेगॉग बांधले. त्याच वर्षी कोलकात्यात एलियास डेव्हिड जोसेफ एझ्रा यांनी पित्याच्या स्मृतीसाठी मागेन डेव्हिड सिनेगॉग उभारले. कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातील एझ्रा रुग्णालय हेही याच घराण्याचे दान.

यांतील बऱ्याच देणग्या हयातीत किंवा दिवंगत आप्तांच्या स्मरणार्थ दिलेल्या होत्या. तरीही मृत्युपत्राने दिलेल्या दानाला जो प्रश्न सोडवावा लागतो, तोच त्यांनाही सोडवावा लागला. दाता पाठीशी नसताना वास्तू आणि संस्था चालाव्यात कशा, हा तो प्रश्न होय.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात २० हजारांहून अधिक ज्यू होते. २०११ च्या जनगणनेत ही संख्या साडेचार हजारांच्या आसपास आली. त्यांतील निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात राहतात. राज्य सरकारने २०१६ मध्ये या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. कोलकात्यात एकेकाळी काही हजार ज्यू होते. आता तेथे मोजकीच कुटुंबे उरली आहेत. मट्टनचेरीत तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसे आहेत. सामूहिक प्रार्थनेसाठी किमान १० प्रौढ पुरुष हवेत, असा पारंपरिक नियम आहे. ही संख्या भरणेच अनेक ठिकाणी कठीण झाले आहे.

रिकाम्या मंदिरासाठी ठेवलेला पैसा

समाज उरला नाही तरी त्याची वास्तू सांभाळावी काय, या प्रश्नाला अमेरिकेतील न्यूपोर्ट शहराच्या इतिहासात एक उत्तर मिळते. तेथील सिनेगॉग १७६३ मध्ये बांधून झाले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर बंदराचा व्यापार मंदावला आणि ज्यू कुटुंबे एकामागून एक शहर सोडून गेली. या सिनेगॉगच्या धर्मगुरूंचे पुत्र अब्राहम टूरो १८२२ मध्ये निधन पावले. वास्तूच्या देखभालीसाठी त्यांनी १० हजार डॉलर मृत्युपत्राने ठेवले. त्या वेळी तेथे नित्य प्रार्थना करणारा समाज जवळजवळ उरला नव्हता. म्हणून हा पैसा त्यांनी ऱ्होड आयलंडच्या विधिमंडळाच्या हाती सोपविला. त्यांचे बंधू ज्युडा टूरो यांनीही १८५४ मधील मृत्युपत्रात तेथील धर्मगुरूच्या वेतनाची तरतूद केली. कित्येक दशके बंद राहूनही इमारत ढासळली नाही. पूर्व युरोपातून नवे स्थलांतरित आले, तेव्हा १८८३ मध्ये तिचे दरवाजे पुन्हा उघडले. अमेरिकेत आज उभे असलेले हे सर्वांत जुने सिनेगॉग आहे.

याच वास्तूच्या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. जुना समाज पांगला तेव्हा मालमत्तेची जबाबदारी न्यूयॉर्कच्या एका सिनेगॉगने घेतली होती. नव्या समाजाने कायमस्वरूपी निधी उभारण्याच्या हेतूने तोरा ग्रंथावर बसविण्याच्या चांदीच्या अलंकारांची एक जोडी ७४ लाख डॉलरला बॉस्टनच्या एका संग्रहालयाला विकण्याचे ठरविले. तेव्हा हे अलंकार आणि ही इमारत नेमकी कोणाची, यावर खटला उभा राहिला. कनिष्ठ न्यायालयाचा निकाल न्यूपोर्टच्या बाजूने गेला. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरविला आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला. मालकी आणि विश्वस्तपद यांतील भेद कागदावर स्पष्ट नसेल, तर दोन शतकांनंतरही वाद उद्भवू शकतो, हे या प्रकरणातून दिसते.

हेतू मोकळा, हेतू संदिग्ध

ज्युडा टूरो यांच्या मृत्युपत्रातील आणखी एक कलम जेरुसलेमच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले. पवित्र भूमीतील गरीब ज्यूंसाठी त्यांनी मोठी रक्कम ठेवली होती आणि तिचा विनियोग इंग्लंडमधील समाजधुरीण मोझेस माँटेफिओरी यांच्यावर सोपविला होता. माँटेफिओरी यांचा आरंभीचा विचार रुग्णालयाचा होता. प्रत्यक्ष परिस्थिती पाहून त्यांनी गरिबांसाठी घरे बांधली. १८६० मध्ये पूर्ण झालेली ही वसाहत ‘मिश्केनोत शाआननीम’ या नावाने ओळखली जाते. जुन्या जेरुसलेमच्या तटाबाहेर वसलेली ती पहिली ज्यू वस्ती. दात्याने कोणासाठी ते सांगितले आणि कसे ते विश्वासू माणसावर सोडले, म्हणून हा बदल विनातक्रार होऊ शकला.

सर एलिस कदूरी यांच्या मृत्युपत्राचा प्रवास याहून वेगळा झाला. कदूरी बंधू मूळचे बगदादचे. सॅसून घराण्याच्या व्यापारातून ते मुंबई आणि पुढे चीनच्या किनाऱ्यावर गेले. एलिस यांचे १९२२ मध्ये हाँगकाँग येथे निधन झाले. पॅलेस्टाइन किंवा इराक येथे शाळा काढण्यासाठी त्यांनी ब्रिटिश सरकारकडे मोठी रक्कम ठेवली होती. शाळा कोणत्या समाजासाठी असावी, हे त्या शब्दांतून स्पष्ट होत नव्हते. दाता ज्यू होता, म्हणून शाळा ज्यूंची असावी, असा झायोनिस्ट संघटनांचा आग्रह होता. पॅलेस्टाइनच्या प्रशासनाला तेथील अरब बहुसंख्येचा विचार करणे भाग होते. अखेर निधी विभागला गेला. तुळकरम येथे अरब विद्यार्थ्यांसाठी आणि ताबोर पर्वताच्या पायथ्याशी ज्यू विद्यार्थ्यांसाठी अशा दोन कृषिशाळा १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात सुरू झाल्या. इस्रायलचे पुढे पंतप्रधान झालेले यित्झाक राबिन ताबोरच्या शाळेचे विद्यार्थी. तुळकरमच्या शाळेचे आज पॅलेस्टिनी तंत्रविद्यापीठात रूपांतर झाले असून कदूरी हे नाव तिने जपले आहे.

दोन्ही शाळा उपयुक्त ठरल्या. मात्र दात्याला यांपैकी नेमके काय अभिप्रेत होते, हे ठरविण्याचा अधिकार त्याच्या हाती राहिला नाही.

भारतीय कायदा काय सांगतो

भारतातील ज्यूंच्या वारसाहक्काला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू आहे. मृत्युपत्र नसेल, तर पती किंवा पत्नीला एकतृतीयांश आणि मुलानातवंडांना दोनतृतीयांश मालमत्ता मिळते. समाजसंस्थेला त्यात कोणताही वाटा नसतो. जोडीदार नाही, मुले नाहीत आणि कायद्याने मान्य केलेला कोणताही नातलग नाही, अशा व्यक्तीची मालमत्ता सरकारजमा होते. बहुसंख्य आप्त परदेशी गेलेल्या, एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या दृष्टीने मृत्युपत्राचे महत्त्व म्हणूनच अधिक आहे.

मृत्युपत्रासाठी मुद्रांक शुल्क लागत नाही. ते करणारी व्यक्ती सज्ञान व सुबुद्ध असावी, तिने त्यावर सही करावी आणि किमान दोन साक्षीदारांनी ती सही प्रमाणित करावी, एवढी कायद्याची अपेक्षा आहे. नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदणी कायदा, १९०८ नुसार मृत्युपत्र मोहोरबंद लखोट्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय आहे.

दोन तरतुदी हिंदू वाचकांच्या परिचयाच्या नसतील, पण ज्यू आणि ख्रिस्ती व्यक्तींना त्या माहीत असणे आवश्यक आहे. पहिली अशी की, साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला मृत्युपत्राने दिलेला लाभ रद्द ठरतो. मृत्युपत्राचा उर्वरित भाग मात्र वैध राहतो. दुसरी अशी की, विवाहामुळे पूर्वीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. उतारवयात पुनर्विवाह केलेल्या व्यक्तीने जुने मृत्युपत्र पुन्हा केले नाही, तर सिनेगॉगला किंवा शाळेला ठेवलेली देणगी त्याबरोबर नाहीशी होते.

धर्मादाय मृत्युपत्रदानावर दीर्घकाळ एक मोठे बंधन होते. याच कायद्याच्या कलम ११८ नुसार, पुतण्या, भाचा, पुतणी, भाची किंवा त्याहून जवळचा नातलग हयात असलेल्या व्यक्तीला धार्मिक वा धर्मादाय कामासाठी मालमत्ता ठेवायची असेल, तर मृत्युपत्र मृत्यूच्या किमान १२ महिने आधी केलेले असावे लागे. शिवाय ते केल्यापासून ६ महिन्यांच्या आत कायद्याने ठरविलेल्या ठिकाणी जमा करणेही आवश्यक होते. मरणासन्न माणसावर धर्मसंस्थांनी दबाव आणू नये, या जुन्या इंग्रजी विचारातून हे कलम आले होते. हिंदू व मुस्लिमांना ते लागू नव्हते, पारशी समाजाला १९९१ मध्ये त्यातून वगळण्यात आले. केरळमधील एका ख्रिस्ती धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये, जॉन वल्लमट्टम प्रकरणात, हे कलम समानतेच्या हक्काशी विसंगत ठरवून रद्द केले. सरन्यायाधीश व्ही. एन. खरे हे त्या खंडपीठाचे प्रमुख होते. याचिका ख्रिस्ती समाजाच्या वतीने असली, तरी ज्यू दात्यांवरील बंधनही त्याच निकालाने दूर झाले.

गोव्यातील स्थिती निराळी आहे. तेथील नागरी कायद्यानुसार मुलाबाळांसारखे निकटचे वारस असतील, तर निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव असते आणि उरलेल्या निम्म्या भागाचीच वाटणी मृत्युपत्राने करता येते.

बँकेतील ठेव किंवा समभाग यांना नामनिर्देशित व्यक्ती नेमली म्हणजे मृत्युपत्राची गरज उरत नाही, हा समजही चुकीचा आहे. नामनिर्देशनामुळे वारसाहक्क बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने समभागांच्या संदर्भात २०२३ मध्ये स्पष्ट केले.

भारतात मालमत्तेवरील मृत्युकर १९८५ मध्ये रद्द झाला. ब्रिटनमध्ये वारसाकराचा सर्वसाधारण दर ४० टक्के असून, निव्वळ मालमत्तेच्या किमान १० टक्के भाग धर्मादाय संस्थांना ठेवल्यास तो ३६ टक्क्यांवर येतो. तेथील ज्यू संस्थांना मृत्युपत्रातून मिळणाऱ्या निधीमागे हेही एक कारण आहे. भारतात अशी सवलत नसल्याने येथील देणगी सर्वस्वी दात्याच्या इच्छेवर अवलंबून राहते.

नाव, रक्कम आणि हेतू

मृत्युपत्रातील देणगी साधारणपणे तीन प्रकारची असते. ठरावीक रक्कम, ठरावीक वस्तू किंवा जागा, आणि सर्व देणी व वाटण्या झाल्यानंतर उरणाऱ्या मालमत्तेचा हिस्सा. ठरावीक रकमेचे मोल महागाईने घटत जाते. ठरावीक वस्तू दात्याने हयातीतच विकली, तर ती देणगी संपुष्टात येते. तिच्या बदल्यात संस्थेला काही मिळत नाही. उरलेल्या मालमत्तेचा टक्केवारीतील हिस्सा या दोन्ही अडचणींतून सुटतो. मात्र त्यात कुटुंबीयांचा वाटा आधी स्पष्ट केलेला असावा लागतो.

संस्थेचे नाव अचूक लिहिणे ही वरवर किरकोळ, प्रत्यक्षात निर्णायक बाब आहे. मागेन डेव्हिड नावाचे सिनेगॉग भायखळ्यात आहे, तसेच कोलकात्यातही. बेथ एल हे नाव रेवदंडा, पनवेल आणि कोलकाता या तिन्ही ठिकाणी आढळते. केवळ ‘बेथ एल सिनेगॉगला’ एवढेच लिहिलेल्या देणगीवर एकाहून अधिक दावेदार उभे राहू शकतात. संस्थेचे नोंदणीकृत नाव, पत्ता आणि न्यासाचा नोंदणी क्रमांक लिहिल्यास संदिग्धता राहत नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. मृत्युपत्राने मिळालेली स्थावर मालमत्ता न्यासाच्या नोंदवहीत चढवावी लागते आणि विश्वस्तांतील बदल कळवावे लागतात. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीविना न्यासाला स्थावर मालमत्ता विकता येत नाही, तसेच बिगरशेती जागा ३ वर्षांहून अधिक काळ भाड्याने देता येत नाही. शहरांत आणि किनारपट्टीवर जमिनीचे भाव वाढत असताना, मोजक्या सभासदांच्या सिनेगॉगांसाठी ही तरतूद संरक्षक ठरते. मात्र नोंदी अद्ययावत नसतील, जुने विश्वस्त दिवंगत झाले असतील आणि नवे नेमलेच गेले नसतील, तर हे संरक्षणही अपुरे पडते.

मूळ हेतू पार पाडणे अशक्य झाले, तर काय? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ५५ व ५६ नुसार, मूळ हेतूच्या शक्य तितक्या जवळच्या हेतूसाठी निधी वापरण्याचे निर्देश न्यायालयाकडून घेता येतात. हा मार्ग उपलब्ध असला तरी वेळखाऊ आहे. मृत्युपत्रातच पर्यायी लाभार्थी आणि पर्यायी हेतू नमूद असेल, तर तो टाळता येतो. एखाद्या गावातील सिनेगॉगची देखभाल, ती शक्य नसल्यास त्या जिल्ह्यातील ज्यू दफनभूमींची निगा, तीही शक्य नसल्यास समाजाच्या इतिहासाचे जतन किंवा सर्व धर्मांच्या मुलांचे शिक्षण, अशी उतरंड दात्याने स्वतः घालून देणे हिताचे असते.

समुद्रापलीकडून येणारी देणगी

१९४८ नंतर बेने इस्रायल समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. मराठी भाषेशी त्यांचे नाते तुटले नाही. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक इस्रायलमधून प्रसिद्ध होत आले. आजोबांच्या गावातील सिनेगॉगसाठी किंवा नवगाव, अलिबाग परिसरातील पूर्वजांच्या दफनभूमीसाठी काही ठेवावे, असे त्यांच्यापैकी अनेकांना वाटणे स्वाभाविक आहे.

अशा दात्यांनी भारतीय कायद्यातील एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. परदेशी राहणारा, पण भारतीय पारपत्र बाळगणारा नागरिक आपल्या बचतीतून देतो ती देणगी परकीय मानली जात नाही. इस्रायली किंवा अन्य देशाचे नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी मात्र परकीय ठरते, जरी तिच्याकडे भारताचे ओसीआय कार्ड असले तरी. ती स्वीकारण्यासाठी भारतातील संस्थेकडे विदेशी योगदान नियमन कायदा, २०१० खालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावा लागतो. लहान सिनेगॉगांना ही पूर्तता जड जाऊ शकते. त्यामुळे मृत्युपत्र करण्यापूर्वीच संस्थेकडे ही नोंदणी आहे काय, याची विचारणा करणे आवश्यक ठरते.

सांभाळणारे हात

देणगीचा खरा कस वास्तू उभारताना लागत नाही, ती सांभाळताना लागतो. केनेसेथ एलियाहू सिनेगॉगची देखरेख जेकब सॅसून यांच्या नावाचा न्यास पाहतो. तरीही दीडशे वर्षांच्या उंबरठ्यावर पोहोचलेल्या या वास्तूच्या जीर्णोद्धारासाठी न्यासाबाहेरच्या संस्थांची साथ घ्यावी लागली. ज्यू नसलेल्या दात्यांनीही त्यात पैसा घातला. २०१९ च्या आरंभी हे काम पूर्ण झाले आणि त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा संवर्धन पुरस्कारांत त्याचा गौरव झाला. कोलकात्याची मागेन डेव्हिड आणि बेथ एल ही सिनेगॉग केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित वास्तूंत आहेत. केरळमध्ये परावूर आणि चेंदमंगलम येथील सिनेगॉग राज्य शासनाच्या मुझिरिस वारसा प्रकल्पात संग्रहालये म्हणून जपली गेली आहेत. मट्टनचेरीच्या कडवुंभागम सिनेगॉगचा लाकडी अंतर्भाग मात्र आता जेरुसलेमच्या इस्रायल संग्रहालयात आहे.

वास्तू जागेवर राहिली आणि पूजा थांबली, पूजा राहिली आणि पैसा संपला, किंवा वस्तू जपली गेली आणि गाव सुटले, असे वारशाचे तीनही शेवट भारतातील ज्यू समाजाने पाहिले आहेत. यांतील कोणता शेवट आपल्या देणगीच्या वाट्याला यावा, हे पूर्णपणे दात्याच्या हाती नसते. कोणासाठी, कोणाच्या स्वाधीन, किती काळ आणि ते शक्य न झाल्यास पुढे काय, या चार गोष्टी मात्र त्याला लिहून ठेवता येतात.

तालमूदमध्ये एका माणसाची कथा आहे. तो ७० वर्षांनी फळ देणारे झाड लावीत होता. हे फळ तुला कधी खायला मिळणार, असे वाटसरूने विचारले, तेव्हा आपण जन्मलो त्या वेळी पूर्वजांनी लावलेली झाडे उभीच होती, असे त्याने सांगितले. कोलकात्याच्या त्या शाळेत आज वर्ग भरतात आणि पुण्याच्या ससूनमध्ये रुग्ण येतात. झाड लावणाऱ्यांनी त्यांची नावे विचारली नव्हती.